होमस्टेडचे 160 एकर: नोंदणीपासून सनदेपर्यंत

अमेरिकेत 20 मे 1862 ला होमस्टेड कायदा झाला: सरकारी जमिनीवर राहून ती कसणाऱ्याला 160 एकरांची सनद, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, देणारा. नोंदणी 1 जानेवारी 1863 पासून. नेब्रास्का, कॅन्ससच्या माळावर जमीन फुकट मिळते अशी ख्याती झाली. खरी किंमत होती पाच वर्षांची वहिवाट आणि शपथेवर बोलणारे दोन शेजारी. (ही जमीन पोनी, ओटो अशा जमातींकडून घेतलेली, याचा अर्जात उल्लेख नसे.)

अर्जदार 21 वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा. अविवाहित स्त्री, विधवा पात्र. नवऱ्याबरोबर नांदणारी अपात्र. परदेशातून आलेल्याला सुरुवातीला नागरिकत्वाचा इरादा जाहीर केल्याचा दाखला पुरे, शेवटी मात्र पक्के नागरिकत्व लागे. मधल्या वर्षांत ते राहून गेले की प्रकरण तिथेच अडले.

अर्जाआधी जमीन पायाखालून घालावी. सरकारी मोजणीत सहा मैल चौरस टाउनशिप, तिचे 640 एकरांचे 36 सेक्शन, आणि सेक्शनची एक चौथाई म्हणजे आपले 160 एकर. नेब्रास्कात 16 आणि 36 नंबरचे सेक्शन शाळांचे, ते मागूच नयेत. कोपऱ्याची खुंटी किंवा दगड सापडल्याशिवाय घर बांधायला घेऊ नये. लाकडी खुंट्या कुजत, वणव्यात जळत. चुकीच्या चौथाईत नांगरलेले रान दुसऱ्याचे ठरे.

लँड ऑफिसात, म्हणजे सरकारी जमीन कचेरीत, अर्ज, शपथपत्र आणि फी. फी एकूण 18 डॉलर, त्यातली बहुतेक नोंदणीलाच.

मग घर, विहीर, नांगरट. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली की जमीन सोडली असे धरून दुसरा कोणीही हरकत घेऊ शके. मजुरीला लांब जाणाऱ्यांना हे नडे, आणि ते गेल्याचे शेजाऱ्याइतके कोणाला कळणार?

पाच वर्षे भरल्यावर पुढच्या दोन वर्षांत पुरावा द्यावा लागे. 1879 पासून आधी जवळच्या वर्तमानपत्रात साक्षीदारांच्या नावांसह 30 दिवस नोटीस, खर्च अर्जदाराचा. दोघे साक्षीदार घर, पेरणी, मुक्काम यांवर जबाब देत. आज तुम्ही माझ्यासाठी, उद्या मी तुमच्यासाठी, असा हा व्यवहार. बांधावरून बोलणे बंद झालेल्याला साक्षीदार दुरून आणावे लागत. खोट्या साक्षीही होत, कारण तपासायला अधिकारी क्वचितच जागेवर येई.

घाई असलेल्याला सहा महिन्यांच्या वहिवाटीनंतर एकरी सव्वा डॉलर भरून सनद घेता येई. सट्टेवाल्यांनी ही वाट पुरेपूर वापरली, म्हणून 1891 मध्ये सहाचे चौदा महिने झाले.