'कम्प्लायन्सला एलएलबी लागतेच' : एक खुलासा

सांगलीतल्या बी.कॉम.च्या मुलामुलींना हा मेसेज दरवर्षी कुणीतरी पाठवतंच : 'वकिलीची पदवी नसेल तर बँकेच्या कम्प्लायन्समध्ये जागा नाही.' कम्प्लायन्स म्हणजे बँक कायदे आणि नियम पाळते ना, हे पाहणारा विभाग.

गैरसमज होणं साहजिक आहे, कारण बँकेत विधी अधिकारी हे पद असतं आणि त्याला कायद्याची पदवी खरंच लागते. कर्जाची कागदपत्रं तपासणं, कोर्टातल्या दाव्यांचा पाठपुरावा करणं हे त्याचं काम. कम्प्लायन्सचं काम वेगळं. समजा, मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्याच्या खात्यात महिन्याभरात रोख भरणा होत गेला. एकमेकांशी जोडलेल्या त्या रकमांची बेरीज दहा लाखांपुढे गेली, तर मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, 2002 खालच्या नियमांनुसार बँकेला अहवाल द्यावा लागतो. भरणा सुटा सुटा असला तरी. ही बेरीज पकडायला व्यापार कसा चालतो ते कळावं लागतं, हंगामात रोकड का वाढते ते माहीत असावं लागतं. केवायसीचं, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीच्या पडताळणीचंही तसंच : जास्त जोखमीच्या ग्राहकाची माहिती दर दोन वर्षांनी अद्ययावत करायची, कमी जोखमीच्याची दहा वर्षांनी. हा हिशेब वाणिज्य पदवीधराला जमतो. परिपत्रकं मात्र नेटाने वाचावी लागतात, आणि ती कंटाळवाणी असतात हे खरं.

पडताळायचं असेल तर कोणत्याही बँकेच्या भरतीची मूळ जाहिरात उघडा. विधी अधिकारी आणि कम्प्लायन्स या दोन्ही पदांचे पात्रतेचे रकाने शेजारी ठेवून वाचा. काही जागांना कायद्याच्या पदवीला प्राधान्य दिसेल. 'प्राधान्य' आणि 'अनिवार्य' हे शब्द तेवढे नीट पाहा.