चाइल्ड कार सीट

चाइल्ड कार सीट म्हणजे गाडीच्या सीटवर पक्की बसवायची लहान मुलांची वेगळी सीट. गाडीतला नेहमीचा सीट बेल्ट मोठ्या माणसाच्या अंगाच्या हिशोबाने केलेला असतो, लहान मुलाला तो लावला तर वरचा पट्टा मानेवर येतो आणि खालचा कमरेच्या हाडाऐवजी पोटावर, मग धडक बसली की ज्या पट्ट्याने वाचवायचं त्यानेच आतडी, लिव्हर नाहीतर मणका दुखावतो. "मांडीवर घट्ट धरलंय की" हे फार ऐकू येतं, पण हिशोब करून बघा, ताशी ५० किमीने चाललेली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला साधारण १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो, तो कुणाच्याच हातात नसतो. आपल्याच बेल्टच्या आत बाळाला घेणं तर त्याहून वाईट, पुढे पट्टा आणि मागे मोठ्या माणसाचं वजन यात बाळ चेपलं जातं.

सुरुवातीच्या म्हणजे १९३० च्या दशकातल्या सीट सुरक्षेसाठी नव्हत्याच, मूल एका जागी बसावं आणि त्याला खिडकीतून बाहेर दिसावं एवढाच हेतू होता. खरा बदल १९६० च्या दशकात झाला. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांची आसनं बघून, जोर ज्या दिशेने येणार तिकडे पाठ ठेवायची ही कल्पना मुलांच्या सीटला लावली, आणि मागे तोंड असलेली सीट तिथून पुढे आली. व्होल्वोने १९७८ मध्ये बूस्टर कुशन, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचा बेल्ट नीट बसावा यासाठीची गादी, काढलं, त्याच वर्षी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात लहान मुलांसाठी अशी सीट सक्तीची करणारा तिथला पहिला कायदा लागू झाला.

आता प्रकार ढोबळमानाने तीन: मागे तोंड असलेली म्हणजे रिअर फेसिंग, पुढे तोंड असलेली हार्नेसवाली म्हणजे सीटचेच स्वतःचे पट्टे असलेली, आणि बूस्टर. बाजारात मिळणाऱ्या कन्व्हर्टिबल किंवा ऑल-इन-वन सीटमध्ये यातलेच दोन-तीन प्रकार एकत्र केलेले असतात. पालक या टप्प्यांकडे प्रमोशनसारखं बघतात, "आमचा आता पुढे तोंड करून बसतो" असं कौतुकाने सांगतात, पण खरी गोष्ट उलटी आहे, पुढच्या प्रत्येक टप्प्यात संरक्षण थोडं कमीच होतं. म्हणून हातातल्या सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत त्याच टप्प्यात राहायचं, वाढदिवस झाला म्हणून बदलायचं नाही.

मागे तोंड ठेवण्यामागचं कारण शरीराच्या रचनेत आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं आणि जड असतं, मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, मधे कूर्चा असते. समोरून धडक बसली आणि मूल पुढे तोंड करून असलं तर पट्टे छाती धरून ठेवतात आणि डोकं मात्र सुटून पुढे जातं, सगळा ताण मानेवर. तेच मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर वाटला जातो. युरोपातला यूएन आर१२९ नियम, ज्यातला आय-साइझ हा शब्द बॉक्सवर दिसतो, निदान १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड सक्तीचं करतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने आधी २ वर्षांपर्यंत असं सांगितलं होतं, २०१८ मध्ये वयाचा आकडाच काढून टाकला आणि सीटची मर्यादा संपेपर्यंत असं म्हटलं. स्वीडनमध्ये तर साधारण ४ वर्षांपर्यंत मुलं मागे तोंड करूनच बसतात. पाय दुमडतात, समोरच्या पाठीला टेकतात, ही सगळ्यांची तक्रार, पण मुलं मांडी घालून किंवा पाय वर टाकून मजेत बसतात, आणि पाय टेकले म्हणून सीट लहान झाली असं होत नाही. लहान झाली का हे डोक्यावरून बघायचं, अमेरिकन सीटमध्ये डोक्याच्या वर कवचाचा निदान २.५ सेंमी भाग उरला पाहिजे असा साधारण नियम असतो.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही, समोर एअरबॅग चालू असताना पुढच्या सीटवर मागे तोंडवाली सीट लावायची नाही. एअरबॅग उघडते ती सरळ सीटच्या पाठीवर आदळते, आणि तिथेच मागे बाळाचं डोकं असतं. एकूणच १२-१३ वर्षांपर्यंत मुलांची जागा मागच्या सीटवर.

निवडताना रंग, कप होल्डर, कापड यात लोकांचा अर्धा वेळ जातो, आणि महाग म्हणजे जास्त सुरक्षित असंही काही नसतं. सीट मुलाच्या आजच्या वजन-उंचीला बसते का, आपल्या गाडीत नीट लागते का, आणि ती रोज आपल्याला न चुकता नीट लावता येईल का, एवढं बघायचं. मान्यतेचं लेबल हवंच, युरोपातल्या सीटवर आर१२९ किंवा जुनं आर४४, अमेरिकेत एफएमव्हीएसएस २१३, भारतात एआयएस-०७२. आर१२९ मध्ये माप मुख्यतः सेंटिमीटरमधल्या उंचीवर असतं आणि बाजूने बसणाऱ्या धडकेची टेस्टही असते, आर४४ मध्ये वजनाचे गट होते आणि बाजूच्या धडकेची टेस्ट नव्हती. शक्य असेल तर घेण्याआधी गाडीत लावून बघावी, काही गाड्यांत बेल्टचं बकल इतकं उंच येतं की सीट घट्ट बसतच नाही.

बसवायचे मार्ग दोन, गाडीचा बेल्ट किंवा आयसोफिक्स, ज्याला अमेरिकेत लॅच म्हणतात. आयसोफिक्समध्ये गाडीच्या सीटच्या फटीत असलेल्या दोन लोखंडी कड्यांना कार सीटचे हात टक्कन अडकतात, नीट अडकले की बहुतेक सीटवर हिरवी खूण दिसते. त्यात चुका कमी होतात, पण नीट लावलेला बेल्टही तेवढाच चालतो, आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल तर दोन्ही एकदम वापरू नयेत. आयसोफिक्सला वजनाची मर्यादा असते, आर१२९ मध्ये सीट आणि मूल मिळून ३३ किलो. पुढे तोंडवाल्या सीटचा वरचा पट्टा, टॉप टेदर, बरेच जण तसाच लोंबता सोडतात, खरं तर धडकेत डोकं किती पुढे जाणार हे त्याच्यावर बरंच अवलंबून असतं. गाडीच्या तळाला टेकणारा आधाराचा पाय असलेली सीट असेल तर खाली सामान ठेवायचा पोकळ कप्पा नाही ना ते बघा, असेल तर गाडीचं मॅन्युअल काय सांगतं ते वाचा, झाकण दबून पाय खचू शकतो.

लावून झाली की जिथून बेल्ट जातो तिथेच सीटला हाताने धरून हलवायचं, कोणत्याही बाजूला २.५ सेंमीपेक्षा जास्त हलली तर ती सैल आहे. वरच्या टोकाला धरून हलवू नका, तिथे थोडी हलतेच. नवजात बाळासाठी सीट पुरेशी मागे कललेली हवी, नाहीतर हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडचण होते, सीटवर कोन दाखवणारी रेष असते ती गाडी सपाट जागी उभी करून बघायची.

सीट कितीही भारी असली तरी रोजची चूक होते ती हार्नेसमध्ये. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड असेल तर बरोबरीने किंवा वरून. पीळ पडलेला नको. ओढून घट्ट केल्यावर खांद्याजवळ पट्टा बोटांच्या चिमटीत उभा धरून बघायचा, घडी हातात आली तर अजून ओढा. छातीची क्लिप असेल तर ती काखेच्या पातळीला, पोटावर नाही. थंडीचा जाड फुगीर कोट घालून बांधलं तर पट्टा घट्ट वाटतो पण धडकेत कोटातली हवा दबते आणि पट्टा एकदम सैल होतो, त्यामुळे कोट काढून बांधायचं आणि वरून पांघरूण टाकायचं. बाहेरून वेगळी घेतलेली मान-उशी, पट्ट्यांची गादी असलं काही लावू नये, सीटसोबत आलंय तेवढंच.

बूस्टर मुलाला फक्त उंच करतं, धरून ठेवायचं काम गाडीचा बेल्टच करतो, त्यामुळे मूल नीट बसून राहू शकेल, वाकून पट्ट्याबाहेर जाणार नाही, इतकं समजूतदार झाल्यावरच द्यावं. बूस्टर सोडायची वेळ साधारण उंची १४५ सेंमी झाल्यावर येते, काही देशांत कायदा १३५ किंवा १५० म्हणतो. तपासायला पाठ पूर्ण टेकवून बसवा, गुडघे सीटच्या कडेवरून खाली वाकले पाहिजेत, खालचा पट्टा मांड्यांच्या वर कमरेच्या हाडाला, वरचा खांद्याच्या मध्यावर, आणि पूर्ण प्रवास तसंच बसता आलं पाहिजे. पट्टा टोचतो म्हणून मुलं तो काखेखाली घेतात, तिथे मात्र ऐकायचं नाही.

बाळ सीटमध्ये झोपलं म्हणून ती उचलून घरात आणून तसंच तासन्‌तास झोपवणं बरोबर नाही, सीट प्रवासासाठी आहे, पोचलं की सपाट अंथरुणावर. लांबच्या रस्त्याला मधे थांबून बाळाला बाहेर काढायचं. पट्टे मशीनमध्ये टाकू नका, ब्लीच नको, बकलमध्ये बिस्किटाचा चुरा जाऊन ते अडकायला लागलं तर तेल सोडू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच साफ करा.

जुनी सीट घ्यायची असेल तर तिचा पूर्ण इतिहास माहीत असलेल्या माणसाकडूनच. मोठ्या अपघातातून गेलेली सीट बाहेरून ठणठणीत दिसते, पण प्लास्टिकला आतून चीर गेलेली असू शकते, ती परत वापरायची नाही. बऱ्याच सीटवर मागे किंवा बुडाला एक्स्पायरीची तारीख असते, साधारण बनवल्यापासून ६ ते १० वर्षं. ती संपली की नुसती कचऱ्यात ठेवू नये, पट्टे कापून आणि वर मोठ्या अक्षरात "वापरू नये" लिहून मग टाकावी, नाहीतर चांगली दिसतेय म्हणून दुसरं कोणीतरी उचलून नेतं.