नऊ महिने, नऊ दिवस आणि रजेचा अर्ज

बाळंतपणाच्या रजेच्या अर्जात एक रकाना असतो, ‘रजा कोणत्या तारखेपासून’. बाकीचं सगळं दहा मिनिटांत भरून झालं आणि या एका रकान्यापाशी मी आठवडाभर अडले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीणही तेव्हा पोटुशी होती. आमचे डॉक्टर वेगळे, पण दोघींना दिलेल्या तारखांत जेमतेम चार दिवसांचं अंतर. तिनं ठरवलं, तारखेच्या आदल्या आठवड्यापर्यंत कामावर यायचं. मी ठरवलं, तीन आठवडे आधीच घरी बसायचं. तिची रजा सोमवारी सुरू व्हायची होती आणि शनिवारी पहाटेच तिची पाणमोट फुटली. मी मात्र तारीख उलटून आठवडा झाला तरी घरात येरझाऱ्या घालत होते, आणि रोज कोणीतरी फोन करून विचारत होतं, ‘काय गं, अजून नाही?’

ही तारीख येते कुठून, हे मी त्या येरझाऱ्यांच्या काळातच नीट वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

‘नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढवलं’ असं आपल्याकडे आया-आज्या ऐकवतात. डॉक्टरांच्या फाइलवरची ईडीडी, म्हणजे प्रसूतीची अपेक्षित तारीख, तशाच एका हिशेबातून निघते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हायडेलबर्गला फ्रान्झ नेगेले नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांच्या नावानं चालत आलेला नियम असा: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १ जूनला पाळी आली असेल तर तारीख ८ मार्च. आजीच्या आणि नेगेलेंच्या हिशेबात फरक फक्त दोन दिवसांचा. त्यातही गंमत अशी, की १९९० साली अमेरिकेत काही निरोगी गोऱ्या बायकांच्या गरोदरपणाचे दिवस मोजले, तेव्हा पहिलटकरणींना नेगेलेंच्या तारखेपेक्षा साधारण आठ दिवस जास्त लागले आणि आधी बाळंतपण झालेल्यांना तीन. म्हणजे आजीच खरी, असं नाही म्हणणार, पण ती फार चुकलेली नव्हती.

नियमाच्या पोटात एक गृहीतक आहे: पाळीचं चक्र २८ दिवसांचं आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचं बीज आठवडाभर उशिरा सुटतं, म्हणजे तारीखही आठवडाभर पुढे जायला हवी. म्हणून सुरुवातीच्या सोनोग्राफीला महत्त्व. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. त्या वयात सगळी बाळं जवळपास एकाच वेगानं वाढतात, त्यामुळे पाच ते सात दिवसांच्या फरकानं वय कळतं. पुढे प्रत्येकाची चण वेगळी होत जाते आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत तीन आठवड्यांचीही चूक होऊ शकते. तरीही मशीन प्रत्येक रिपोर्टवर इमानेइतबारे नवी ईडीडी छापतं. माझ्या फाइलमध्ये अशा चार तारखा होत्या. शेवटच्या रिपोर्टवर तारीख बारा दिवस अलीकडे आलेली पाहून मी रजेचा अर्ज बदलायला निघाले होते. तसं करू नका. पहिल्या स्कॅनवरून डॉक्टरांनी जी तारीख पक्की केली, ती शेवटपर्यंत पक्की. नंतरचे आकडे बाळ केवढं आहे ते सांगतात, कधी येणार ते सांगत नाहीत.

आणि ती पक्की तारीखसुद्धा किती पक्की? शंभरातली चार-पाचच बाळं नेमकी त्या दिवशी जन्मतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२५ बायकांच्या लघवीतली हार्मोन रोज मोजून बीज कोणत्या दिवशी सुटलं हे शोधलेलं होतं. म्हणजे मोजमापातली चूक जवळजवळ काढून टाकलेली. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं वगळल्यावरही सगळ्यात लवकर आणि सगळ्यात उशिरा झालेल्या बाळंतपणांत ३७ दिवसांचं अंतर निघालं. पाच आठवडे! कारण कळा सुरू होण्याचा निर्णय कॅलेंडरवर होत नाही. वारेतून स्रवणाऱ्या एका हार्मोनचं प्रमाण शेवटच्या महिन्यांत चढत जातं, बाळाची फुप्फुसं आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी तयार होत आल्याच्या खुणा देतात, गर्भाशयाचे इतके दिवस शांत ठेवलेले स्नायू हळूहळू संवेदनशील होतात. हा वेग प्रत्येकीचा वेगळा. म्हणून डॉक्टरांच्या मनात तारीख नसते, पट्टा असतो: ३७ आठवडे पूर्ण झाले की दिवस भरत आले, ३९ ते ४१ मध्ये पूर्ण भरले, ४२ च्या पुढे थांबायचं नाही. ऑफिसला मात्र एकच तारीख लागते, विजेच्या बिलाला असते तशी.

आता कायद्याचा हिशेब. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. दोन मुलं आधीच असतील तर रजा १२ आठवड्यांची, आधी घ्यायची मर्यादा सहाची. राज्य आणि केंद्र सरकारच्या नोकरीत १८० दिवस. (आपल्याकडचा असा पहिला कायदा १९२९ चा, मुंबई प्रांताचा. मुंबईच्या कायदेमंडळात आदल्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी या विधेयकाला पाठिंबा देणारं भाषण केलं होतं.)

‘आठ आठवडे आधी घेता येतात’ हे वाक्य वाचताना मला ती सवलत वाटली होती. ती सवलत नाही, वाटणी आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यावं, या जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याशी ते जवळजवळ तंतोतंत जुळतात, पण सगळे दिवस बाळ झाल्यावर घेतले तरच. आधी आठही आठवडे घेतले तर मागे १२६ दिवस उरतात, चार महिन्यांहून थोडे जास्त. शिवाय तारीख उलटली तर ते वाटेत गेलेले दिवसही याच खात्यातून वजा. उलट माझ्या मैत्रिणीसारखं बाळ आधीच आलं तर काही बुडत नाही, सगळे दिवस पुढे मिळतात. आणखी एक बारीक गोष्ट: हे आठवडे पूर्ण सात दिवसांचे मोजतात, रविवारसकट. तेव्हा दिवाळीची किंवा जोडून आलेली सुट्टी असेल तर रजा सुट्टीनंतर सुरू करावी. नाहीतर आपणच आपली सुट्टी खातो.

मग शक्य तितकं उशिरा थांबावं? गणित तसं सांगतं खरं, पण शरीराचं खातं वेगळं असतं.

पोट दिसायला लागायच्या कितीतरी आधी काम सुरू झालेलं असतं. शरीरातलं रक्त हळूहळू ४० ते ५० टक्क्यांनी, म्हणजे सुमारे दीड लिटरनं वाढतं. हृदय मिनिटाला पंप करतं ते रक्तही ३० ते ५० टक्के जास्त, आणि त्यातला बराच भाग पहिल्या तीन महिन्यांतच वाढलेला असतो. तेव्हा येणारी ती डोळे मिटणारी झोप, त्या उलट्या, त्या वेळी बहुतेकींनी ऑफिसात सांगितलेलंही नसतं. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय श्वासपटलाला चारेक सेंटिमीटर वर ढकलतं, म्हणून दोन पायऱ्या चढलं तरी धाप लागते. २०१९ मध्ये काही संशोधकांनी अमेरिका पायी धावत ओलांडणाऱ्यांची ऊर्जा मोजली. माणसाचं शरीर महिनोन्महिने पेलू शकेल अशी मर्यादा त्यांना विश्रांतीच्या खर्चाच्या अडीच पट दिसली. गरोदरपणाचा आकडा त्याच आलेखावर होता: २.२ पट.

पण हा भार सगळ्याच कामांत सारखा टोचत नाही. मी डोंबिवलीहून लोकलनं जायचे. टेबलाशी आठ तास बसणं मला जड गेलं नाही. जड गेला तो दादरचा जिना, आणि दारातून आत ढकललं जाणं. तिसाव्या आठवड्यात एका अनोळखी बाईंनी हात धरून सांगितलं, ‘अगं, दिव्यांगांच्या डब्यात जा, गरोदर बायकांना चालतं.’ तोवर मला ते माहीतच नव्हतं. माझ्या रजेची तारीख खरं तर कामानं नव्हे, रेल्वेनं ठरवली. आठवड्यातले तीन दिवस घरून काम मिळालं असतं तर मी आणखी दोन आठवडे सहज ओढले असते.

उभं राहून करायच्या कामाचं तसं नाही. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे शिरांच्या भिंती सैल झालेल्या असतात, वरून गर्भाशय ओटीपोटातल्या शिरा दाबतं, त्यामुळे पायातलं रक्त वर चढायला मुळातच कष्ट पडतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पिळून ते वर ढकलतात. एका जागी उभं राहिलं की तेही थांबतं. वर्गात शिकवणारी शिक्षिका, वॉर्डातली नर्स, साडीच्या दुकानातली मुलगी यांना संध्याकाळी चप्पल घट्ट होते ती यामुळे. लांबलचक उभं राहणं, जड उचलणं, रात्रपाळी आणि फार लांब तास यांचा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. धोका थोडा वाढतो, घाबरून जावं इतका नाही. पण कायद्यात यासाठी एक दार आहे, आणि ते फारसं कोणी वाजवत नाही. प्रसूतीपूर्वीच्या शेवटच्या सहा आठवड्यांच्या आधीचा जो महिना, त्या काळात बाईनं मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. म्हणजे रजेचा एकही दिवस न खर्चता काम हलकं करून घेता येतं. आणि गरोदरपणामुळे आजारपण आलं तर एक महिन्याची पगारी रजा वेगळी असते, ती या २६ आठवड्यांतून कापायची नसते. रक्तदाब वाढल्यामुळे थांबावं लागलेल्या कितीतरी जणी डॉक्टरांचं सर्टिफिकेट न जोडता आपली मूळ रजाच संपवून टाकतात. जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, तोंडावर अचानक सूज, हे झालं तर मात्र अर्जाचा विचार नंतर, आधी दवाखाना.

लवकर थांबल्यानं बाळाचं काही भलं होतं का? इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, आठव्या महिन्यानंतरही काम करत राहिलेल्या बायकांची बाळं सहाव्या ते आठव्या महिन्यांत थांबलेल्यांच्या बाळांपेक्षा सरासरी सुमारे २३० ग्रॅम हलकी होती. कमी शिकलेल्या बायकांत हा फरक जास्त ठळक होता. मला वाटतं, त्यातच उत्तर दडलंय: थांबण्याचा फायदा कशापासून थांबलो यावर आहे. मात्र थांबणं म्हणजे पडून राहणं नव्हे. सरसकट ‘बेडरेस्ट’नं अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टळतं असं दिसलेलं नाही. उलट पडून राहिल्यानं पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

आपल्याकडे रजेची तारीख पुष्कळदा माहेर ठरवतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि ‘सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही’ म्हणून डोहाळजेवण आटोपलं की सातव्यातच पाठवणी. हा समज साफ चुकीचा. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाची फुप्फुसं पक्की करतो, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही सुरक्षित. पण प्रवास फार लांबवू नये हे मात्र खरं. बहुतेक विमान कंपन्या छत्तिसाव्या आठवड्यानंतर घेतच नाहीत, आणि कळा सुरू झाल्यावर एसटीत असावं असं कुणालाच वाटणार नाही. लांब माहेर असलेल्या मुलीच्या चार आठवड्यांच्या रजेला मी हसणार नाही.

हा सगळा हिशेब अर्थात जिच्यापुढे अर्ज आहे तिचा. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला रकाना नाही, खाडा आहे. एक दिवस फडात गेली नाही तर उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, पैसे कापले जातात.

माझे तीन आठवडे आणि तारखेनंतरचा एक, असे चार आठवडे आधीच खर्च झाले. त्या दिवसांत मी काय केलं? मुख्यतः झोपले. दुपारी, डाव्या कुशीवर, पोटाखाली उशी घेऊन, पंखा पाचवर. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या १३१ पहिलटकरणींच्या एका अभ्यासात, शेवटच्या महिन्यात रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांच्या कळा जास्त लांबल्या होत्या आणि सिझेरियनही जास्त झाली होती. तो मी नंतर वाचला, तेव्हा फक्त झोप येत होती. मैत्रीण शेवटच्या आठवड्यापर्यंत कामावर आली आणि मग पूर्ण सहा महिने तिच्या मुलीजवळ राहिली. मुलाचं उष्टावण मी सहा महिने भरले त्या रविवारी केलं. चांदीच्या वाटीतली खीर त्यानं थुंकून टाकली. मला कामावर रुजू होऊन तेव्हा बरोबर चार आठवडे झाले होते.