पोर्तुगीजमधले दोन ‘आहे’: सेर आणि इश्तार

पोर्तुगीजच्या पहिल्याच धड्यात स्वतःची ओळख करून द्यायची असते आणि मराठी माणूस नेमका तिथेच अडखळतो. ‘मी पुण्याचा आहे’, ‘मी बरा आहे’, ‘मी लिस्बनमध्ये आहे’ या तिन्ही वाक्यांत आपलं एकच ‘आहे’ भागतं. पोर्तुगीजमध्ये पहिल्याला ‘सेर’ हे क्रियापद लागतं, उरलेल्या दोन्हींना ‘इश्तार’. लिस्बनच्या उच्चाराने लिहायचं तर ‘सो द पुणे’, पण ‘श्तो बँय’ आणि ‘श्तो अँय लिज्बोआ’.

कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर इश्तार, असा नियम बहुतेक ठिकाणी शिकवतात. मला तो पटत नाही. शिक्षण दोन वर्षांत संपणार असलं तरी ‘मी विद्यार्थी आहे’ म्हणजे ‘सो श्तुदांत’, तिथे सेरच. उलट माणूस वारला तर ‘श्ता मोर्तु’, म्हणजे इश्तार. मरणाहून कायमचं काय असतं?

त्यापेक्षा प्रश्न बदलावा. कोण, काय, कुठला, व्यवसाय कोणता, हे सांगायचं तर सेर. कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगायचं तर इश्तार. इश्तार आलं लॅटिन ‘स्तारे’वरून, म्हणजे उभं राहणं. संस्कृतातल्या ‘स्था’ धातूचं आणि त्याचं मूळ एकच. म्हणून इश्तार वापरताना ‘स्थिती’ हा शब्द मनात ठेवा, निम्मा गोंधळ मिटतो.

जेवणाच्या टेबलावर हा फरक स्पष्ट दिसतो. ‘अ सोप ए बोअ’ (‘ए’ हे सेरचं रूप) म्हणजे इथलं सूप चांगलं असतं. ‘अ सोप श्ता बोअ’ (‘श्ता’ हे इश्तारचं) म्हणजे आजचं, समोरचं सूप छान झालंय. यजमानांचं कौतुक करायचं असेल तर दुसरं वाक्य म्हणा. इथे आपलं ‘असतं’ आणि ‘झालंय’ मदतीला येतं, पण ओळख करून देताना ते चालत नाही. ‘मी डॉक्टर असतो’ असं आपण कुठे म्हणतो?

जागेच्या बाबतीत स्पॅनिश शिकून आलेले हमखास चुकतात. स्पॅनिशमध्ये शहर असो की किल्ली, ‘कुठे आहे’ विचारायला एस्तारच, म्हणजे तिथलं इश्तारच, लागतं. पोर्तुगीजमध्ये जागचं न हलणारं असेल तर सेर किंवा ‘फिकार’ हे तिसरं क्रियापद: ‘ओंद फीक अ श्तसांव?’, स्टेशन कुठे आहे? हलणाऱ्या वस्तूला इश्तार: ‘ओंद श्ता अ शाव?’, किल्ली कुठे आहे? ही ‘शाव’ म्हणजे आपली चावीच, पोर्तुगीजांकडूनच मराठीत आलेली.

उच्चाराचं थोडं. ‘श्तो’मधला त आपला दंत्य त आहे. इंग्रजीच्या सवयीने त्याचा ट करू नका, मराठी जिभेला हा त आयता मिळालेला आहे. ‘आहे’ या अर्थाचा ‘ए’ मात्र तोंड जरा जास्त उघडून, ए आणि ॲ यांच्या मधला म्हणावा, कारण ‘आणि’ या अर्थाचा शब्द नुसता ‘इ’ असा ऐकू येतो. पोर्तुगालमध्ये इश्तारचा सुरुवातीचा स्वर जवळजवळ गिळतात. ब्राझीलमध्ये तो ‘इस्तो’ असा नीट ऐकू येतो. घाईच्या बोलण्यात दोन्हीकडे नुसतं ‘तो’ आणि ‘ता’ उरतं. आणि लिस्बनमध्ये कुणी फोन उचलून ‘श्तो?’ म्हणालं तर गोंधळू नका, ते तिथलं ‘हॅलो’ आहे.