द्राविडी प्राणायाम करणारी यंत्रं आली कुठून

लेकीच्या शाळेची टीम यंदा एका स्पर्धेसाठी रूब गोल्डबर्ग मशीन करतेय, म्हणजे एखादं साधं काम मुद्दाम लांबच्या वाटेने, बऱ्याच स्टेप्समधे करणारं यंत्र, त्यामुळे गेले दोन महिने आमच्या गॅरेजमधे गाडी शिरलेली नाही. तिथे सध्या प्लायवूडचे तुकडे, पुठ्ठ्याच्या नळ्या, गोट्या, सुतळी, डॉमिनोचे ठोकळे आणि स्वयंपाकघरातून गायब झालेलं माझं लाटणं असा सगळा संसार मांडलाय. बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, की शेवटी टेबलावरची घंटी वाजवायची एवढंच काम असेल तर एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? खरं सांगायचं तर या यंत्राचं याहून नेमकं वर्णन मराठीत होणार नाही, समोरून नाक धरता येत असताना हात डोक्यामागून फिरवून धरायचं, हेच तर यातलं मुख्य काम. पण हा प्राणायाम कोणी सुरू केला आणि तो स्पर्धेत कसा आला हे कळलं की मुलं तिथे एवढी का रमतात ते आपोआप समजतं, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

रूबेन गोल्डबर्ग, सगळे त्याला रूब म्हणायचे, ४ जुलै १८८३ ला सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. चित्रं काढायची आवड अगदी लहानपणापासून, पण वडिलांना वाटायचं की मुलाने इंजिनिअर व्हावं (हे वाक्य मराठी घरात कोणाला समजावून सांगायची गरज नाही), म्हणून तो बर्कलीला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात गेला आणि १९०४ मधे इंजिनिअर होऊन बाहेर पडला. शहराच्या पाणी आणि सांडपाणी खात्यात नोकरी लागली, ती सहाएक महिने केली आणि मग सरळ सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या पेपरात जाऊन खेळांच्या पानावर कार्टून काढायला लागला. १९०७ मधे न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्याचं नाव झालं.

पण बर्कलीतली वर्षं वाया गेली नव्हती. तिथे फ्रेडरिक स्लेट नावाचे प्रोफेसर होते, त्यांच्याकडे पृथ्वीचं वजन काढण्यासाठी जुळवलेलं एक भलंमोठं, नळ्या-तारा-भांड्यांचं उपकरण होतं आणि विद्यार्थ्यांना त्यावर काम करावं लागायचं. एवढा खटाटोप आणि त्यातून मिळणार काय तर एक आकडा, हे रूबच्या डोक्यात जे बसलं ते कायमचं. पुढे त्याने जी यंत्रांची कार्टून काढली त्यांचं मूळ तो या उपकरणात सांगायचा. १९२९ पासून कोलिअर्स मासिकात त्याची प्रोफेसर ल्युसिफर गॉर्गोन्झोला बट्स या पात्राची मालिका आली, आणि आज ज्याला आपण रूब गोल्डबर्ग मशीन म्हणतो त्याचा चेहरामोहरा तिथे पक्का झाला: प्रत्येक भागाला ए, बी, सी अशी अक्षरं, आणि खाली पेटंटच्या अर्जासारखं गंभीरपणे लिहिलेलं वर्णन.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे आपोआप तोंड पुसणारा रुमाल. ते नीट वाचण्यासारखं आहे, कारण स्पर्धेचं सगळं व्याकरण त्यात आहे. माणूस सुपाचा चमचा तोंडाकडे नेतो, त्याने एक दोरी ओढली जाते, दोरीने पळी झटका खाते, पळीतलं बिस्कीट पोपटासमोरून उडतं, पोपट त्याच्यामागे झेप घेतो, त्याची बसायची दांडी कलते, दांडीवरचे दाणे बादलीत सांडतात, बादली जड होऊन दुसरी दोरी ओढते, त्याने सिगार पेटवायचा लायटर उघडून पेटतो, लायटर रॉकेटला आग लावतो, रॉकेटमुळे विळा दोरी कापतो आणि लंबकाला बांधलेला रुमाल पुढेमागे झुलत हनुवटी पुसतो. म्हणजे तरफ आहे, दोरी आहे, वजन आहे, पाचरीसारखी धार आहे, लंबक आहे, सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला अर्धा धडा एका सुपाच्या चमच्यात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे सगळं कागदावर होतं. रूब ही यंत्रं बांधत बसला नाही, त्याला त्याची गरजच नव्हती, कागदावरचा पोपट दरवेळी झेप घेतो.

१९३१ मधे मेरियम-वेब्स्टरने त्याचं नाव चक्क विशेषण म्हणून डिक्शनरीत घेतलं, सोपं काम उगाच गुंतागुंत करून करणारं, अशा अर्थाने. माणूस हयात असताना त्याचं नाव भाषेत असं मुरणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. तो फक्त गमतीची चित्रं काढायचा असा समज असतो, तो बरोबर नाही, १९४८ चं पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं बक्षीस त्याला राजकीय कार्टूनसाठी मिळालं. त्यात एक प्रचंड अणुबॉम्ब कड्याच्या टोकावर डळमळतोय आणि त्या बॉम्बच्या पाठीवर एक घर आणि कुटुंब निवांत बसलंय. मला ते चित्र त्याच्या यंत्रांपेक्षा वेगळं वाटतच नाही, तोल जाण्याआधीचा तो क्षण दोन्हीकडे आहे. १९७० च्या डिसेंबरमधे तो गेला.

बाकी देशांतही त्याच काळात असे लोक होते. इंग्लंडमधे विल्यम हीथ रॉबिन्सन तारा-गाठी-कप्प्यांची तशीच यंत्रं काढायचा, आणि त्याचं नाव एवढं रुजलेलं होतं की दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या इंग्रजांच्या गुप्त केंद्रात जर्मन संदेश फोडायला १९४३ मधे जे मशीन आलं त्याला तिथे काम करणाऱ्या मुलींनी हीथ रॉबिन्सन हेच नाव दिलं. डेन्मार्कमधे रॉबर्ट स्टॉर्म पीटरसन हा कार्टूनिस्ट होता. जपानमधे अशा यंत्राला पितागोरा सोची म्हणतात, ते नाव एनएचके या तिथल्या टीव्ही वाहिनीवरच्या मुलांच्या कार्यक्रमातून आलं, तो २००२ मधे सुरू झाला.

आता स्पर्धा. इंडियानात वेस्ट लाफायेटला पर्ड्यू युनिव्हर्सिटी आहे, आपल्याकडची बरीच मुलं तिथे मास्टर्सला जातात. तिथे १९४९ मधे थीटा टाउ आणि ट्रायअँगल या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या दोन मंडळांत चुरस लागली, की रूबची यंत्रं खरोखर बांधून दाखवायची. माझ्या मते सगळ्या गोष्टीला खरं वळण इथे लागलं. तोवर ती चेष्टा होती, इंजिनिअरने इंजिनिअरांची केलेली, आणि आता इंजिनिअर होणारी मुलं म्हणाली की चला, बांधूनच बघू. १९५५ पर्यंत ते चाललं आणि मग बंद पडलं. जवळजवळ तीस वर्षं काहीच नाही. १९८३ मधे पर्ड्यूतच थीटा टाउच्या मुलांनी ते परत सुरू केलं, १९८८ पासून ते देशभरातल्या कॉलेजांसाठी झालं, पुढे शाळाही आल्या, आणि नंतर रूबच्या नावाची जी संस्था आहे, जी त्याची नात जेनिफर जॉर्जने पुढे नेली, तिने स्पर्धेचं काम हातात घेतलं.

दरवर्षी एक साधं काम दिलं जातं आणि ते किमान अमुक इतक्या स्टेप्समधे करायचं, बरीच वर्षं हा आकडा वीस होता. कामांची यादी बघितली तर त्यात त्या त्या वर्षाची हवाही दिसते: २००४ ला निवडणुकीचं वर्ष म्हणून मतपत्रिकेवर खूण करून मत टाकणं, २००९ ला जुना बल्ब काढून कमी वीज खाणारा लावणं, २०१० ला हँड सॅनिटायझर देणं. बाकीच्या वर्षी हॅम्बर्गर रचणं, रोपाला पाणी घालणं, खिळा ठोकणं, झिप लावणं, छत्री उघडणं असली घरगुती कामं. २०१२ ला फुगा फुगवून फोडायचा होता, तो पर्ड्यूच्याच एका टीमने ३०० स्टेप्समधे फोडला आणि तो जागतिक विक्रम ठरला.

स्टेप म्हणजे काय यावर दरवर्षी वाद होतो आणि आमच्या गॅरेजमधेही झाला. पन्नास डॉमिनो लावले म्हणजे पन्नास स्टेप्स होत नाहीत, ती एकच, कारण तीच क्रिया परत परत होते. एका प्रकारच्या हालचालीतून दुसऱ्या प्रकारची निघाली की नवी स्टेप. आणि मधे हात लावावा लागला तर मार्क जातात, म्हणजे स्पर्धेचा सगळा जीव एका स्टेपकडून दुसरीकडे होणाऱ्या त्या हस्तांतरणात आहे.

इथेच मुलं पहिल्यांदा अडकतात आणि इथेच खरा इतिहास सुरू होतो, रूबच्याही कितीतरी आधीचा. साधी यंत्रं पहिल्यांदा मोजली अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, तरफ, रहाट, कप्पी, पाचर आणि मळसूत्र अशी पाच, उतरण त्यात नंतर आली आणि सहा झाली. या यंत्रांनी निसर्गाला फसवून फुकटात काम करून घेता येतं अशी समजूत बराच काळ होती, ती गॅलिलिओने १६०० च्या सुमारास खोडून काढली: यंत्र काम वाढवत नाही, जोरात जे वाचतं ते अंतरात द्यावं लागतं. माझे आजोबा सांगलीकडचे, त्यांच्या विहिरीवर मोट होती, मी ती चालताना पाहिली नाही पण त्यांनी इतक्या वेळा सांगितलीय की डोळ्यासमोर दिसते. बैल धावेवरून खाली उतरतात, म्हणजे उतरण, नाडा चाकावरून जातो, म्हणजे कप्पी, आणि दुसरा बारीक दोर, सोंदूर, मोटेच्या सोंडेला, तो असा मापाने बांधलेला की मोट वर आली की सोंड आपोआप थारोळ्यात उलटते, कोणी हात लावायचा नाही. बैल फक्त चालतात, बाकी सगळं जोडणीने होतं. लेकीच्या टीमला मी हे चित्र काढून दाखवलं तर त्यातला एक मुलगा लगेच म्हणाला की या तर तीन स्टेप्स झाल्या.

गॅलिलिओचा हिशोब गॅरेजमधे कसा भेटतो ते सांगते. मुलांचं पहिलं डिझाइन असं होतं की गोटी उतरणीवरून घरंगळत येणार, कपमधे पडणार, तो कप खाली जाणार आणि कप्पीवरून सुतळी ओढून पुस्तक उचलणार. पाच ग्रॅमची गोटी वीस सेंटिमीटर खाली आली तर तिच्याकडे जेमतेम एक शतांश ज्यूल ऊर्जा असते, त्यात घर्षण, त्याने पुस्तक काय उचलणार. दोन आठवडे मुलं सुतळी बदलत होती, कप्पीला तेल घालत होती, गोटी मोठी घेत होती. मग त्यांच्यातल्याच एकीला सुचलं की गोटीने काम करायचंच नाही, गोटीने फक्त खिट्टी काढायची. आधीच वर टांगून ठेवलेली अर्ध्या किलोची वाळूची पिशवी, ती अर्धा मीटर खाली आली की जवळपास अडीच ज्यूल, म्हणजे गोटीच्या अडीचशे पट. म्हणजे ऊर्जा प्रत्येक स्टेपमधे आधीच भरून ठेवायची, उचललेलं वजन, ताणलेला रबरबँड, दाबलेली स्प्रिंग, काहीही, आणि मागच्या स्टेपने फक्त तिला मोकळं करायचं. रूबच्या रुमालातही हेच आहे, पोपटाच्या जोरावर रॉकेट उडत नाही, रॉकेटमधे दारू आधीच असते.

डॉमिनोचंही तेच, उभा डॉमिनो म्हणजे साठवलेली ऊर्जा. लॉर्न व्हाइटहेड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ मधे, म्हणजे पर्ड्यूची स्पर्धा परत सुरू झाली त्याच वर्षी, दाखवलं होतं की एक डॉमिनो स्वतःच्या दीडपट मोठ्या डॉमिनोला पाडू शकतो, आणि अशी तेरा डॉमिनोंची रांग लावली तर पहिल्याला टिचकीएवढा धक्का पुरतो आणि शेवटचा धाडकन पडतो. आमच्या मशीनमधे असे पाच आहेत, मुलांनी लाकडातून स्वतः कापलेले.

दुसरी अडचण कागदावर कधीच दिसत नाही, ती म्हणजे भरवसा. समजा प्रत्येक स्टेप शंभरातून ९५ वेळा नीट चालते, ऐकायला उत्तम, पण अशा वीस स्टेप्स एकामागे एक जोडल्या की पूर्ण मशीन न थांबता चालायची शक्यता उरते ३६ टक्के. प्रत्येक स्टेप ९९ टक्के पक्की केली तर ८२. आणि ३०० स्टेप्सना ९९ टक्केही पुरत नाही, तिथे फक्त ५ टक्के उरतात, त्यामुळे पर्ड्यूच्या त्या टीमने एकेक स्टेप किती वेळा घासूनपुसून घेतली असेल याचा अंदाज करा. हा गुणाकार आमच्या मुलांनी स्वतः करून बघितला तेव्हापासून नवीन स्टेप घालायची भाषा बंद झालीय, आता असलेलीच स्टेप सलग वीस वेळा चालवून वहीत रेघ मारतात. मला विचाराल तर स्पर्धेतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण ही वही आहे, बक्षीस मिळो न मिळो.

२०२० मधे कोविडमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा रूबच्या संस्थेने घरातल्या घरात करायचं आव्हान दिलं, साबणाची वडी कोणाच्या तरी हातात पाडायची, आणि व्हिडिओ पाठवायचा. सामान घरातलंच. लेक तेव्हा पहिलीत होती, तिने आणि तिच्या बाबांनी जेवणाच्या टेबलावर केलं होतं, ते कुठे पाठवलं नाही पण ते लाटणं तेव्हाही घरंगळलं होतं, तेच आता गॅरेजमधे चौथ्या स्टेपला आहे.

काल संध्याकाळी पूर्ण मशीन सलग सहा वेळा घंटीपर्यंत पोचलं. सातव्यांदा गोटी उतरणीच्या जोडावर थांबली, तिथे टेपची कड वर आली होती. मुलांनी टेप काढला, जोड पॉलिश पेपरने घासला, उतरण दोन अंशांनी वाढवली आणि वहीत परत एकपासून रेघा मारायला सुरुवात केली.