गाण्यातलं वेळापत्रक आणि नशेची सवय

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुलांनी मेटॅलिका या रॉक बँडचं 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजवायचं काढलं की एखादे पालक हमखास म्हणतात, "सर, ही गाणी म्हणजे ड्रग्जची जाहिरात आहे. पोरं बिघडतील." जळगाव-भुसावळकडे गिटार शिकणारी पोरं आता कमी नाहीत. हे गाणं १९८६ चं, पण २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत वाजल्यापासून ते नववी-दहावीच्या मुलांच्या मोबाइलवरही पोचलं आहे. त्यामुळे हा आक्षेप वरचेवर कानावर येतो. पालकांची काळजी खरी आहे. व्यसनापायी बसलेली घरं खान्देशात प्रत्येकाच्या गल्लीत आहेत. गाण्याचा अर्थ मात्र ते उलटा लावतात.

त्या गाण्यात बहुतेक वेळ माणूस नाही, नशा बोलते. ती स्वतःला मालक म्हणवते आणि समोरच्याला कळसूत्री बाहुली. तुझी नाडी माझ्या हातात आहे, तुला आता फक्त आणखी हवं आहे, असं ती बजावते. याला जाहिरात म्हणणं कठीण आहे. माझा तर पुढे जाऊन असा दावा आहे, की व्यसनात स्वतः होरपळलेल्या रॉक संगीतकारांची काही गाणी हातात पेन्सिल घेऊन, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासारखी वाचावीत. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत उंदरांवर जे मोजलं, ते त्यांनी अंगावर सोसून लिहिलेलं असतं.

माझं यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण 'गन्स एन रोझेस' या बँडचं, १९८७ च्या 'मिस्टर ब्राउनस्टोन' या गाण्याचं. ब्राउनस्टोन हे हेरॉइनचं टोपणनाव. गाणारा सुरुवातीला आपला दिनक्रम सांगतो: सातला जाग येते, नऊला अंथरुणातून उठतो, कार्यक्रम सातला सुरू व्हायचा असतो, आम्ही नऊला स्टेजवर जातो. मग पुढे ती प्रसिद्ध कबुली येते: आधी थोडं घ्यायचो, थोड्याने भागेना, मग थोड्याचं जास्त होत गेलं. गाण्याचे चाहते ही कबुली तेवढी लक्षात ठेवतात आणि आधीच्या वेळापत्रकाला भरताड समजतात. मला वाटतं, निम्मं विज्ञान त्या वेळापत्रकातच आहे.

'थोड्याने भागेना' या अवस्थेला औषधशास्त्रात सह्यता म्हणतात. तिची एक बाजू रासायनिक आहे. हेरॉइन अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनपासून बनवतात आणि शरीरात गेल्यावर त्याचं बरंचसं पुन्हा मॉर्फिनच होतं. मेंदूतल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर म्यू नावाचे ग्राही (रिसेप्टर) असतात. मॉर्फिन त्यांना जाऊन चिकटतं. हे ग्राही काही अफूसाठी तयार झालेले नाहीत. १९७३ मध्ये ते सापडले आणि १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच बनवत असलेली, याच ग्राहींना चिकटणारी एन्केफॅलिन्स शोधली. मॉर्फिन चिकटलं की पेशीच्या आतलं अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर (एन्झाइम) मंदावतं आणि सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूचं प्रमाण घटतं. आठवड्यांमागून आठवडे असंच चाललं की पेशी ते विकर जास्त बनवू लागते, म्हणजे मंदावलेलं काम पुन्हा मूळ पातळीवर येतं. आता तोच परिणाम हवा तर डोस वाढवावा लागतो. आणि डोस अचानक थांबला तर? वाढलेलं विकर मोकाट सुटतं, मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलियस या केंद्रातून नॉरअॅड्रेनॅलिनचा पूर येतो. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, तर ते सुटल्यावर हगवण लागते. मॉर्फिनने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, सुटल्यावर त्या विस्फारतात. अंगावर काटा, नाक-डोळ्यांतून पाणी, झोप नाही. प्रत्येक लक्षण औषधाच्या नेमकं विरुद्ध.

हा परिच्छेद जड गेला असेल तर एवढंच धरून ठेवा: शरीर औषधाला विरोध करायला शिकतं.

आता खरी गंमत. शिकतं म्हणजे, ते कधी विरोध करायचा हेही शिकतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले शेपर्ड सीगल यांनी हे आयुष्यभर अभ्यासलं. पावलॉवचा कुत्रा सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. घंटा वाजली की जेवणाआधीच त्याला लाळ सुटते. सीगल यांचं म्हणणं असं, की सुईचं टोचणं, ती खोली, तो वास, ती वेळ या सगळ्या घंटाच आहेत. फरक इतकाच, की त्या वाजल्यावर शरीर औषधाच्या विरुद्ध दिशेची तयारी करतं. १९७५ मध्ये त्यांनी मॉर्फिनला सरावलेल्या उंदरांना नेहमीच्या जागी, नेहमीच्या पद्धतीने नुसतं मिठाचं पाणी टोचलं. मॉर्फिन वेदना कमी करतं. या उंदरांना मात्र गरम पृष्ठभागावर ठेवल्यावर नेहमीपेक्षा जास्त चटका जाणवला. औषध आलंच नव्हतं, पण विरोध हजर झाला होता.

चाळीसगावहून कन्नड घाटाने एसटीत उभ्याने रोज जाणारा माणूस डोळ्यासमोर आणा. वळण येण्याआधीच तो उलट बाजूला झुकतो, म्हणून तो जागचा हलत नाही आणि पहिल्यांदा आलेला प्रवासी शेजारच्याच्या अंगावर जातो. रोजच्या माणसाचं ते स्थिर उभं राहणं म्हणजे सह्यता. तो झुकला आणि वळण आलंच नाही, तर तो एकटाच कोलमडेल, ही तलफ. आणि त्याच माणसाला अनोळखी घाटात, तितक्याच वेगाने नेलं तर? कुठे झुकायचं हे त्याच्या पायांना माहीतच नाही.

हे तिसरं टोक सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडलं. उंदरांना त्यांनी महिनाभर हेरॉइनचे डोस दिले, हळूहळू वाढवत नेले, पण एका ठरावीक जागी. मग सगळ्यांना सारखाच, खूप मोठा डोस दिला. ज्यांना आधी कधीच हेरॉइन मिळालं नव्हतं त्यांपैकी ९६ टक्के मेले. सरावलेल्या उंदरांना नेहमीच्या जागी डोस मिळाला तेव्हा ३२ टक्के मेले. आणि तितकेच सरावलेले, तितकंच हेरॉइन पचवलेले उंदीर, केवळ खोली बदलल्यामुळे, ६४ टक्के मेले. रसायन तेच, मात्रा तीच. जागा वेगळी, आणि मृत्यू दुप्पट.

आता पुन्हा ते गाणं वाचा. सातला जाग, नऊला उठणं, सातचा कार्यक्रम, नऊचं स्टेज. 'थोड्याने भागेना' याच्या आधी हे येणं मला विलक्षण वाटतं. लिहिणाऱ्यांना सीगल ठाऊक असण्याचं कारण नाही. पण रोजची ठरावीक वेळ आणि वाढता डोस ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, हे त्यांनी बरोबर एका गाण्यात बांधलं.

हे सगळं परदेशातलं, हेरॉइनचं, असं कुणाला वाटेल. सावदा-रावेरकडे केळीची गाडी भरून होते तेव्हा बघा. माणूस बांधावर टेकतो, खिशातून पुडी काढतो, तळहातावर तंबाखू घेतो, नखाने चुना लावतो, अंगठ्याने मळतो, दोन थापट्या मारून भुकटी उडवतो आणि चिमूट ओठाखाली धरतो. चुन्याचं काम शुद्ध रसायनशास्त्राचं आहे. निकोटिन हा सौम्य अल्क आहे. चुन्याने अल्कता वाढली की त्याचे रेणू विद्युतभार सोडतात आणि तोंडाच्या नाजूक अस्तरातून झपाट्याने रक्तात शिरतात. पण मळणाऱ्याचा चेहरा पाहिलात तर पहिली थापटी पडली तेव्हाच तो बदललेला असतो, बार भरण्याआधी. शेजारी बसलेल्याने तंबाखू सोडून दोन महिने झाले असले तरी त्या थापटीने त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. निकोटिनच्या बाबतीत शरीराची तयारी नेहमी विरुद्ध दिशेचीच असते असं नाही, कधी ती औषधाच्याच दिशेची असते. इशारा मात्र तितकाच बळकट.

इथे दुसरं नाव घ्यायलाच हवं: मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज. उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की तो ओठ चाटतो. बेरिज आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलेले उंदीरही तितक्याच आवडीने ओठ चाटतात. स्वतःहून खायला मात्र ते जात नाहीत. म्हणजे 'आवडणं' आणि 'हवं असणं' या मेंदूत दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि डोपामिन मुख्यतः दुसरीचं काम करतं. १९९३ मध्ये रॉबिन्सन आणि बेरिज यांनी यावरून सिद्धांत मांडला, की व्यसनात 'हवं असणं' वाढत जातं, 'आवडणं' वाढत नाही, उलट आटू शकतं. 'डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन' आणि 'चोवीस तासांत डोपामिन डिटॉक्स' असले व्हिडिओ पाहणाऱ्यांनी हा उंदीर आठवावा. मजा संपली, तरी सुटत नाही: व्यसनावरच्या गाण्यांत हा सूर पुन्हापुन्हा येतो. ऐकणाऱ्याला तो काव्यातला विरोधाभास वाटतो, पण ते साधं निरीक्षण आहे.

याच गाण्यांच्या भोवती एक भाकडकथाही फिरते: सत्ताविसाव्या वर्षाचा शाप. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन, कर्ट कोबेन, एमी वाइनहाउस, सगळे सत्ताविसाव्या वर्षी गेले, म्हणून अंकशास्त्रवाल्यांचं फावतं. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचा अल्बम दिलेल्या १,०४६ संगीतकारांचा अभ्यास छापला. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूंची कोणतीही उसळी सापडली नाही. सापडलं ते असं, की विशी-तिशीतल्या या संगीतकारांचा मृत्युदर त्याच वयाच्या सामान्य ब्रिटिश माणसाच्या दोन ते तीन पट होता. शाप म्हटलं की ही दहा-वीस वर्षांची धोक्याची पट्टी नजरेआड होते.

आपल्याकडच्या भिंतींवर शाप नसतो, तोडगा असतो: 'नवऱ्याला न कळू देता दारू सोडवा.' चहात-भाजीत कालवायची भुकटी. मला याची मनापासून चीड आहे. अशा भुकटीत डायसल्फिराम असेल, तर दारूचं विघटन अॅसिटाल्डिहाइडवर अडतं. चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर हे औषध माणसाला सांगून, तपासून, देखरेखीखाली देतात. न सांगता दिलं तर तो बिचारा सवयीप्रमाणे पिणार आणि जीवावर बेतणार. मदत हवी असेल तर सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे विचारा.

जागा बदलल्याने काय होतं याचा माणसांवरचा मोठा पुरावा व्हिएतनाम युद्धातून आला. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास २० टक्क्यांनी आपण हेरॉइनच्या आहारी गेलो होतो असं सांगितलं. १९७१ पासून ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्या व्यसनींपैकी पहिल्या वर्षात फक्त ५ टक्के पुन्हा व्यसनी झाले होते. घरी हेरॉइन महाग होतं, समाजात निंदा होती, ही कारणं आहेतच. पण जंगल, चौकी, ते सोबती, सगळ्या घंटा एकदम मागे राहिल्या, हेही त्यात आहे.

आपल्या माणसाचं नेमकं उलट होतं. तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून सुधारतो आणि एसटीतून उतरतो तो त्याच स्टँडवर, त्याच टपरीसमोर, त्याच चहाच्या वेळेला. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत तर हा काळ सगळ्यात घातक, कारण मधल्या काळात सह्यता उतरलेली असते आणि हात जुनाच डोस घेतो.

मग केंद्रातच या इशाऱ्यांची सवय मोडता येणार नाही का? बाटली, सिरिंज, टपरीचे फोटो पुन्हापुन्हा दाखवायचे आणि नशा द्यायची नाही, असा उपचार खूप करून पाहिला गेला. २००२ मध्ये कॉंकलिन आणि टिफनी यांनी अशा प्रयोगांचा आढावा घेतला. भरवशाचा फायदा दिसला नाही. कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मार्क बौटन यांनी आधीच दाखवलं होतं: जुनं शिक्षण पुसलं जात नाही, त्यावर नवं शिक्षण चढतं, आणि ते नवं शिक्षण ज्या खोलीत झालं त्या खोलीला चिकटून राहतं. खोली बदलली की जुनं पुन्हा वर येतं. म्हणजे घंटा वाजूनही काही घडत नाही हे शिकायचं, तर ते टपरीसमोरच शिकावं लागतं, तेही एकाच टपरीसमोर नाही, आणि सुरुवातीला सोबत कुणीतरी असताना. सुरुवातीचे काही महिने चहाची वेळ आणि यायचा-जायचा रस्ता बदला, असं समुपदेशक सांगतात त्यामागेही हेच. आणि एखाद्याने नशेच्या दिवसांत एकच गाणं लावून ठेवलेलं असेल, तर त्याच्यापुरतं ते गाणंही त्या यादीत येतं. ते त्याने काही काळ ऐकू नये.