ऑर्किड संकरणातील विषाणुप्रसार

ऑर्किडच्या दोन झाडांचा संकर करून नवीन वाण काढताना नर वा मादी झाडातील विषाणू रोपवाटिकेतील इतर झाडांत, आणि क्वचित संततीत, पोहोचण्याची क्रिया. सर्वाधिक आढळणारे विषाणू दोन आहेत : सिंबिडियम मोझेक विषाणू (पोटेक्सव्हायरस वंश, कण लवचिक, लांबी सुमारे ४७५ नॅनोमीटर) आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट विषाणू (टोबॅमोव्हायरस वंश, कण ताठ व दंडाकृती, लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर). दोन्ही आरएनए विषाणू असून त्यांपैकी एकाचाही कीटकवाहक खात्रीने ज्ञात नाही.

दोहोंची पहिली वर्णने १९५०–५१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डी. डी. जेन्सन यांनी केली. दुसऱ्याच्या वर्णनात ए. एच. गोल्ड यांचा सहभाग होता. हा दुसरा विषाणू पुढे बराच काळ तंबाखू मोझेक विषाणूचा ऑर्किडवरील प्रकार म्हणून गणला जाई, त्यामुळे जुन्या लेखनात त्याची नावे सरमिसळ झालेली दिसतात. आज तो स्वतंत्र मानतात. ज्या ओडोंटोग्लॉसम ग्रँडे या झाडावरून त्याला नाव मिळाले ते झाड आता रॉसिओग्लॉसम वंशात गेले आहे. विषाणूचे नाव मात्र तसेच राहिले.

बीजातून प्रसार होतो का, हा जुना वाद आहे. डेंड्रोबियमच्या बीजापासून वाढवलेल्या रोपांत सिंबिडियम मोझेक आढळल्याचे काही अभ्यासकांनी नोंदवले; इतरांना बाधित मादी झाडाची संतती निरोगी मिळाली. ऑर्किडचे बी धुळीसारखे असते. त्यात भ्रूणपोष (भ्रूणासाठी साठवलेले अन्न) जवळजवळ नसतो आणि बीजावरण म्हणजे मृत पेशींची पातळ जाळी असते. विषाणू या आवरणावर किंवा बोंडातील मादी झाडाच्या ऊतींत असतो, भ्रूणात सहसा शिरत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही बाजूंच्या निरीक्षणांचा मेळ त्यानेच लागतो. वाळलेले बी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणातून काढले, तर आवरणावरील विषाणू बहुधा नष्ट होतो. हिरवे बोंड कापून बी काढताना मात्र फक्त बोंडाचा पृष्ठभाग निर्जंतुक केलेला असतो. आत बियांना चिकटलेले मादी झाडाच्या ऊतींचे कण त्यांच्याबरोबर बी रुजवण्याच्या पोषक माध्यमात पडतात. हिरव्या बोंडाने काही महिने वाचतात म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे. जोखीमही तिचीच जास्त. १९२२ मध्ये लुइस नडसन यांनी साखरयुक्त अगर माध्यमावर निसर्गात रुजण्यासाठी लागणाऱ्या कवकाच्या मदतीशिवाय बी रुजवून दाखवल्यापासून संकरित बी बाटलीतच वाढते. त्यामुळे एका बाटलीतून दुसरीत रोपे हलवणारा चिमटाही प्रसाराच्या वाटेवर येतो.

परागपिंडांत (परागकणांच्या घट्ट गोळ्यांत) विषाणू सापडतो. त्यातून मादी झाडाला लागण होण्याबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. प्रत्यक्ष संकर करताना दात कोरायच्या काडीने परागकोशाची टोपी उचलतात, काडीला चिकटून आलेले परागपिंड कुक्षीवरील चिकट खळग्यात बसवतात आणि तीच काडी पुढच्या फुलाकडे नेतात. काडी दरवेळी फेकून दिली तर प्रश्न उरत नाही. मोठे संकट पुढे येते : बोंड उतरवणारी कात्री, आभासी कंद (ऑर्किडचे फुगीर खोड) वेगळे करणारी सुरी, न धुता पुन्हा वापरलेली कुंडी आणि कुंड्यांतून ओघळणारे पाणी. ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट विषाणू वाळलेल्या रसातही दीर्घकाळ टिकतो आणि सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतो. हत्यार स्पिरिटने पुसल्यावर तो जाईलच याचा भरवसा नसतो. त्यासाठी हत्यार ज्योतीवर चांगले तापवणे किंवा ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात बुडवणे हे उपाय रूढ आहेत.

ही लागण बहुधा लक्षणांविना राहते. पानांवर पुसट पट्टे, काळपट खळगे किंवा पाकळ्यांचा रंग तुटणे (एकसारखा न राहता पट्ट्या-ठिपक्यांत विखुरणे) दिसते, पण सतत नाही. संकरकार ज्या झाडाला वर्षानुवर्षे मादी म्हणून वापरतो ते जुने, नावाजलेले आणि अनेकदा विभागून वाटलेले असते. अनेक कात्र्यांखालून गेलेले झाडही तेच. म्हणून संकरापूर्वी एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने विषाणू ओळखणारी) किंवा आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी) चाचणी करण्याचा आग्रह धरला जातो, पण छंदिष्टांमध्ये तो क्वचितच पाळला जातो.

फ्रेंच शास्त्रज्ञ झॉर्झ मोरेल यांनी १९६० मध्ये सिंबिडियमच्या कोंबाच्या अग्रभागातील सूक्ष्म विभज्येपासून (सतत विभागणाऱ्या पेशींच्या ऊतीपासून) विषाणुमुक्त रोपे मिळवल्याचे प्रसिद्ध केले. पुढे व्यवसायाने या तंत्राचा रोपांची संख्या वाढवण्यासाठीच अधिक उपयोग केला. विभज्येऐवजी मोठा तुकडा घेतला गेला की बाधित झाडाबरोबर विषाणूही हजारो प्रतींनी वाढतो.

ऑर्किडवरील आणखी एका, ऑर्किड फ्लेक, विषाणूचा प्रसार ब्रेव्हिपाल्पस कॅलिफोर्निकस या सूक्ष्म कोळ्यामुळे होतो, म्हणून त्याचा संकराच्या क्रियेशी थेट संबंध नाही. भारतात सिक्कीम व दार्जिलिंगच्या डोंगराळ भागातील ऑर्किडांवर वरील दोन्ही मुख्य विषाणू नोंदले गेले आहेत. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे.